रिकाम्या गाळ्याचा साजशृंगार

२०१३ च्या जूनमध्ये जगातल्या आठ बड्या देशांचे प्रमुख उत्तर आयर्लंडमध्ये लॉख अर्नच्या काठावरच्या एका हॉटेलात जमणार होते. चर्चेचा विषय अर्थातच जागतिक अर्थव्यवस्था. आसपासच्या गावांमधली अर्थव्यवस्था मात्र तेव्हा शटर ओढून बसली होती, आणि हे दृश्य पाहुण्यांच्या गाड्यांमधून दिसलं असतं तर चर्चेला भलतंच वळण लागलं असतं. म्हणून फर्मॅना परगण्यातल्या बंद दुकानांना रंग लावण्यात आला आणि काचांवर मोठमोठी छायाचित्रं चिकटवण्यात आली. बेलकू नावाच्या छोट्या गावात बंद पडलेल्या एका खाटकाच्या दुकानाला तर असं रूप आलं, की भरधाव गाडीतून बघणाऱ्याला वाटावं, आत धंदा जोरात चालू आहे. जवळ गेलं की मात्र नाक काचेला लागायचं. याच्या चार वर्षं आधी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर व्हिटली बे इथे नॉर्थ टाइनसाइडच्या कौन्सिलनं हाच प्रयोग केला होता. तिथे रिकाम्या गाळ्यावर उंची खाद्यपदार्थांच्या दुकानाचं चित्र होतं. दोन्ही प्रकारांची त्या वेळी यथेच्छ टिंगल झाली. माझ्या मते ती अन्यायाची होती. चित्रातल्या खाटकाला भाडं द्यावं लागत नाही, कर भरावा लागत नाही, मुदत संपल्यावर तो मालकाशी भांडत नाही आणि त्याचं दिवाळंही निघत नाही. रिकाम्या दुकानांच्या डागडुजीसाठी सरकारं जे पैसे वाटतात, त्यांतून उभं राहिलेलं खरं दुकान या बाबतीत त्याची बरोबरी करू शकेल का, याची मला शंका आहे.

शहरातल्या ओस पडलेल्या गाळ्यांना नवं रूप द्यायचं, त्यासाठी छोट्या व्यावसायिकांना अनुदान द्यायचं, म्हणजे गाळाही भरेल आणि रस्ताही गजबजेल, ही कल्पना आता इंग्लंड-अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत सगळीकडे रुजली आहे. कल्पना वाईट नाही. ऐकणाऱ्याला तर ती इतकी सरळ वाटते की तिला विरोध करणारा माणूस एक तर खडूस असावा किंवा मॉलचा मालक. माझं म्हणणं एवढंच आहे, की हे अनुदान भिंतीला दिलं जातं आणि गाळा रिकामा पडतो तो सहसा भिंतीमुळे नाही, करारामुळे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हा प्रकार आपल्याला नवा नाही. इथे फरक इतकाच, की पखालीला औषध पाजताना फीत, कात्री आणि छायाचित्रकार यांचीही सोय केलेली असते. करारावर सही होताना कोणी फीत कापत नाही, त्यामुळे करार सुधारण्यात फारसं कोणाला स्वारस्य नसतं.

या विषयात ब्रिटनइतका अनुभव क्वचितच कोणाच्या गाठीशी असेल, म्हणून तिथलेच दाखले घेऊ. १९०९ मध्ये लिव्हरपूलला पहिलं दुकान उघडून देशभर पसरलेली वूलवर्थ्स ही साखळी २००८ च्या अखेरीस कोसळली आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिची सगळी ८०७ दुकानं बंद झाली. गावोगावच्या मुख्य रस्त्यांवर, ज्यांना तिथे हाय स्ट्रीट म्हणतात, दातांच्या कवळीतला पुढचा दात पडावा तशी भगदाडं दिसू लागली. सरकारनं तातडीनं रिकाम्या दुकानांसाठी ३० लाख पाउंड काढले आणि मंदीची जास्त झळ बसलेल्या ५७ कौन्सिलांना वाटले. प्रत्येकी ५२,६३२ पाउंड. आकडा इतका काटेकोर, की कोणीतरी गल्लीबोळ हिंडून, गाळे मोजून, गळकी छपरं तपासून तो काढला असावा असं वाटतं. प्रत्यक्षात ३० लाखांना ५७ नं भागलं की ५२,६३१ पाउंड ५८ पेन्स येतात, ते पुढच्या पाउंडावर ओढलेले आहेत. गावात रिकामे गाळे पाच आहेत की पाचशे, याच्याशी त्याचा संबंध नाही. सरकार बदललं, मंदी सरली, पुढे महासाथ आली, आणि डिसेंबर २०२० मध्ये हाय स्ट्रीटच्या भवितव्यासाठी म्हणून ७२ गावांना ८३ कोटी पाउंडांच्या आसपास रक्कम जाहीर झाली. त्यांतल्या १५ गावांना मागितलेले सगळे पैसे मिळाले आणि उरलेल्यांना मागितल्याहून कमी. उरलेली गावं किती? ५७. या आकड्याशी ब्रिटिश सरकारचं काय नातं आहे, ते एखाद्या ज्योतिषालाच विचारायला हवं.

या दोन टप्प्यांच्या मध्ये मेरी पोर्टस येतात. दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजवण्यात नाव कमावलेल्या आणि टीव्हीवरून घराघरांत पोचलेल्या या बाईंना सरकारनं २०११ मध्ये हाय स्ट्रीटचं दुखणं शोधायला सांगितलं. त्यांनी डिसेंबरमध्ये २८ शिफारशींचा अहवाल दिला, आणि तो वाचला तर बाईंना दुखणं बऱ्यापैकी कळलं होतं असं म्हणावं लागतं. गाळ्यांच्या मालकांची जाहीर नोंदवही ठेवा, जागा मुद्दाम रिकामी ठेवणाऱ्याला ते परवडणार नाही असं काहीतरी करा, निष्काळजी मालकाच्या जागेत कौन्सिलला हस्तक्षेप करता येऊ द्या, छोट्या दुकानदारासाठी भाडेकराराची पद्धत बदला, असं सगळं त्यात होतं. शेवटी एक सौम्य सूचना होती, की काही गावांत प्रायोगिक प्रकल्प करून पाहा. सरकारनं सगळ्यात आधी उचलली ती ही शेवटची. निवडक गावांना प्रत्येकी लाखभर पाउंडांपर्यंत रक्कम, आणि निवड व्हायची तर अर्जासोबत आपल्या गावाची चित्रफीत जोडायची. ३७१ गावांनी अर्ज केले. नगरसेवक, फूलवाले, पाववाले, शाळकरी मुलं, सगळे कॅमेऱ्यासमोर येऊन आपलं गाव किती मोडकळीला आलं आहे हे उत्साहानं सांगू लागले. दारिद्र्याच्या या वक्तृत्वस्पर्धेत पहिल्या फेरीत १२ गावं जिंकली. पुढे हिशेब बाहेर आले तेव्हा डार्टफर्ड गावानं अनुदानातले सोळाशेच्या आसपास पाउंड पेपा पिग या मुलांच्या कार्टूनमधल्या डुकरीण बाईंच्या पोशाखापायी खर्च केल्याचं वर्तमानपत्रांत झळकलं आणि देश हसला. खरं तर त्या यादीतला तो सर्वांत अक्कलहुशारीचा खर्च असू शकेल. पेपा आली की पोरं येतात, पोरांमागून आया येतात आणि आयांच्या हातात पिशव्या असतात. शिवाय पोशाखाला दर पाच वर्षांनी भाडेवाढ नसते.

भाडेवाढीचा हा मुद्दा जरा सावकाश बघण्यासारखा आहे, कारण सगळं पाणी तिथेच मुरतं. ब्रिटनमध्ये दुकानाच्या लांब मुदतीच्या करारात सर्रास एक कलम असतं. ठरावीक काळानं, बहुधा पाच वर्षांनी, भाड्याचा फेरविचार होईल, मात्र तो फक्त वरच्या दिशेनं. बाजारात भाडी चढली तर तुमचंही चढेल, बाजार कोसळला तर तुमचं आहे तिथेच राहील. आता मालकाच्या बाजूनं विचार करा. समजा एका गाळ्याचं भाडं वर्षाला ४० हजार पाउंड आहे आणि बाजार अशा गाळ्याची किंमत भाड्याच्या वीसपट धरतो, म्हणजे आठ लाख. त्यावर बँकेनं पाच लाख कर्ज दिलं आहे. जुना भाडेकरू बुडाला. एक होतकरू बाई येऊन म्हणतात, मी केक करते, मला वर्षाला २० हजार परवडतील. मालक हो म्हणाला तर त्याच क्षणी त्याची इमारत चार लाखांची होते, कर्ज किमतीच्या वर जातं आणि बँकेचा फोन येतो. तो नाही म्हणाला तर इमारत कागदावर आठ लाखांचीच राहते, फक्त योग्य भाडेकरूच्या प्रतीक्षेत. म्हणून मालक फार तर सुरुवातीचे सहा महिने बिनभाड्याचे देईल, पण करारावरचा आकडा खाली येऊ देणार नाही. हा माणूस दुष्ट नाही. पुष्कळदा तो माणूसही नसतो, एखादा पेन्शन फंड असतो आणि त्यात त्या केकवाल्या बाईंच्या वडिलांचीच पेन्शन असते. या सगळ्या व्यवहारात गाळ्याच्या भिंतीला पोपडे आले आहेत की नाहीत, हा प्रश्न आला कुठे?

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे ऑनलाइन खरेदी. लोक घरबसल्या सगळं मागवतात, दुकानांची गरजच संपली, मग मालकाला का बोल लावता? यात अर्धं सत्य आहे. चपला, पुस्तकं, मिक्सर विकणाऱ्या मोठ्या साखळ्यांना त्याचा फटका बसला हे कोणी नाकारत नाही. पण केस कुरियरनं कापून येत नाहीत. न्हावी, नखं रंगवणाऱ्या मुली, चहाकॉफीवाले, सायकल दुरुस्त करणारे यांना जागा लागतेच, आणि ते जागा शोधतही असतात. अडतं ते असं, की गाळ्याचं भाडं मागच्या पिढीतल्या साखळीच्या ऐपतीप्रमाणे ठरलेलं असतं आणि मागायला आलेला असतो कात्री घेऊन एकटा माणूस. एखाद्या वस्तूचं गिऱ्हाईक बदललं की किंमत बदलते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात असतं. हाय स्ट्रीटवरच्या गाळ्यानं तो धडा वाचलेला नाही, कारण त्याच्या करारात फक्त वर बघायची परवानगी आहे.

बरं, रिकामा गाळा ठेवणं मालकाला महाग पडावं म्हणून सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. एप्रिल २००८ पासून दुकान तीन महिन्यांहून जास्त काळ रिकामं राहिलं तर मालकाला पूर्ण मालमत्ताकर भरावा लागतो, आणि हा कर गाळ्याच्या अंदाजित वार्षिक भाड्याच्या निम्म्याच्या आसपास जातो. हेतू असा, की कर भरण्यापेक्षा मालक कमी भाड्यात कोणालातरी जागा देईल. मालकांच्या सल्लागारांनी कायदा बारकाईनं वाचला आणि त्यांना त्यात दुसरीच वाट दिसली. जागा सहा आठवडे वापरली की पुढचे तीन महिने पुन्हा करमाफी! मग वापर म्हणजे नेमकं काय, एवढंच ठरवायचं राहिलं. नन्नीटनमधल्या एका प्रचंड गोदामात जुन्या कागदपत्रांचे १६ ढीग नेऊन ठेवले गेले. त्यांनी व्यापलेली जागा एकूण क्षेत्रफळाच्या ०.२ टक्के होती. कौन्सिल कोर्टात गेली आणि २०१२ मध्ये हरली, कारण कागद ठेवणं हाही वापरच. पुढच्या वर्षी संडरलंडमधल्या गोदामाच्या खटल्यात तर वापर करणारी होती एक छोटीशी ब्लूटूथची पेटी. ती भिंतीआडून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मोबाइलवर संदेश पाठवायची. कोर्टानं याही भाडेकरूला मान्यता दिली. अलीकडे मजल गोगलगायींपर्यंत गेली आहे. शेतीच्या जागेला हा कर नाही, म्हणून रिकाम्या कार्यालयांमध्ये गोगलगायींचे खोके ठेवून गोगलगायपालन केंद्र चालू असल्याचं दाखवायचं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलला अशा शेतकऱ्यांशी झगडावं लागलं आहे. सरकारनं सहा आठवड्यांची मुदत एप्रिल २०२४ पासून तेरा आठवडे केली, म्हणजे कागदांना आता जरा जास्त दिवस मुक्काम करावा लागतो. लंडनच्या मध्यवस्तीत जागा मिळवण्यात गोगलगाय यशस्वी होते आणि केकवाली बाई होत नाही, याला मी केकचा दोष मानायला तयार नाही.

आता अनुदान मिळालेल्या दुकानदाराकडे वळू. त्याचा प्रस्ताव मंजूर झाला, त्रुटींची पूर्तता झाली, पैसे आले. त्यानं वायरिंग बदललं, जमीन केली, मध्ये पार्टिशन घातलं, मागे छोटं स्वयंपाकघर केलं. गाळा देखणा झाला. ब्रिटनमधल्या नेहमीच्या व्यापारी करारात दुरुस्तीची जबाबदारी भाडेकरूची असते, म्हणजे गळकं छप्पर मालकाचं आणि बादली याची. मुदत संपताना आणखी एक कलम जागं होतं. भाडेकरूनं केलेले बदल काढून टाकून जागा पूर्वीसारखी करून द्यायची. मालकाचा सर्व्हेअर येतो, यादी करतो आणि रक्कम लिहितो. सार्वजनिक पैशानं उभारलेलं पार्टिशन दुकानदारानं स्वखर्चानं पाडायचं, अशी ही योजना आहे. मालक चतुर असेल तर तो पाडायला सांगत नाही, राहू दे म्हणतो आणि पुढच्या भाडेकरूला सुसज्ज गाळा म्हणून वाढीव भाड्यानं देतो. कर खातंही या आनंदात सामील असतं. जागा सुधारली की तिचं करमूल्य वाढू शकतं, म्हणजे एका खिडकीतून सुधारणेसाठी अनुदान आणि शेजारच्या खिडकीतून सुधारणा केल्याबद्दल बिल. २०२४ पासून सरकारनं यात दया दाखवली आहे. अटी पाळून केलेल्या सुधारणेचं वाढीव बिल आता बारा महिने येत नाही, तेराव्या महिन्यात येतं.

अनुदान शेवटी मालकाच्या खिशात जातं, हा माझा कल्पनाविलास नाही. ब्रिटननं १९८१ पासून ओसाड औद्योगिक भागांत एंटरप्राइझ झोन आखले आणि तिथल्या व्यवसायांना दहा वर्षं मालमत्ताकर माफ केला. पुढे अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की माफ झालेल्या कराचा मोठा वाटा वाढीव भाड्याच्या रूपानं जागामालकांकडे गेला होता. कारण सरळ आहे. कर माफ आहे हे जसं भाडेकरूला कळतं तसं मालकालाही कळतं, आणि दोघांपैकी जागा एकाकडेच असते. डागडुजीच्या अनुदानाला हाच नियम आणखी कडकपणे लागू पडतो, कारण माफ केलेला कर निदान भाडेकरू सोबत घेऊन जाऊ शकतो, पण बसवलेली फरशी काखेत मारून नेता येत नाही.

म्हणजे छोट्या व्यावसायिकाला मदत करूच नये का? हा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. वर्षानुवर्षं बंद असलेला गाळा उघडायचा म्हणजे नुसता झाडू मारून भागत नाही. आगीच्या वेळी बाहेर पडायचा मार्ग, नवं वायरिंग, सांडपाण्याची जोडणी, अपंगांसाठी उतार, हे सगळं कायद्यानं करावं लागतं आणि पहिला ग्राहक येण्याआधी करावं लागतं. बँक अशा धंद्याला उभं करत नाही, कारण तारण म्हणून द्यायला त्याच्याकडे गाळा नाही, गाळा मालकाचा आहे. इथे अनुदान खरोखर उपयोगी पडतं, आणि शिकागो शहरानं त्यासाठी एक नामी युक्तीही काढली आहे. शहराच्या मध्यभागात टॉवर बांधणाऱ्या बिल्डरांना जादा चटईक्षेत्र हवं असेल तर त्यांनी पैसे भरायचे, आणि त्यांतले ८० टक्के शहराच्या दक्षिण, नैऋत्य आणि पश्चिम भागांतल्या पडक्या बाजारपेठांमधल्या व्यवसायांना इमारती सुधारायला द्यायचे. २०१६ पासून हे चालू आहे आणि श्रीमंत वस्तीच्या मजल्यांनी गरीब वस्तीची छपरं शाकारावीत हा न्याय मला आवडतो. याच शहराची दुसरी एक योजना मात्र आधी काम करा, पैसे भरा, पावत्या आणा, मग परतफेड करू, अशा पद्धतीची आहे. ज्याच्याकडे पैसे नाहीत म्हणून त्याला मदत द्यायची, त्यानं आधी पैसे दाखवायचे! हा प्रकार वाचताना शिकागो हे एखादं तालुक्याचं ठिकाण असावं असा भास होतो. तेव्हा अनुदानाला माझी हरकत नाही. ते देताना चुना किती आणि खिळे किती हे विचारायचं आणि करार किती वर्षांचा, भाडं गोठवलं आहे का, मुदत संपल्यावर पार्टिशन कोणाचं, हे विचारायचं नाही, याला हरकत आहे. हे तीन प्रश्न अर्जाच्या पहिल्या पानावर असले आणि उत्तरांखाली मालकाची सही असली, तर पुढची पानं कमी केली तरी चालतील.

करार बदलला तर भिंत तशीच ठेवूनही किती काम होतं, याचा दाखला ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहरात सापडतो. १९८९ मध्ये तिथे भूकंप झाला, १९९९ मध्ये पोलाद कारखाना बंद पडला, आणि २००८ च्या सुमारास मुख्य रस्त्याच्या परिसरात दीडशेच्या आसपास इमारती रिकाम्या होत्या. मार्कस वेस्टबरी या गृहस्थांनी रिन्यू न्यूकॅसल नावाची संस्था काढली. तिच्याकडे इमारती दुरुस्त करण्याइतके पैसे नव्हते आणि तेच बहुधा तिच्या पथ्यावर पडलं. तिनं मालकांना सांगितलं, जागा आम्हाला भाडेकरारानं देऊ नका, तात्पुरत्या परवान्यावर द्या. मुंबई-पुण्यात भाड्यानं राहिलेल्या कोणालाही लीव्ह अँड लायसन्समधली गोम समजावून सांगायला नको. भाडेकरूचे हक्क तयार होत नाहीत, परवाना तीस-तीस दिवसांनी पुढे सरकतो, खरा भाडेकरू मिळाला की मालकानं जागा परत घ्यावी. भाड्याचा आकडाच नसल्यामुळे कागदावरची किंमत घसरण्याचा प्रश्न उरला नाही. मालकांची भीती गेली आणि दारं उघडली. दागिने घडवणारे, चित्रकार, शिवणकाम करणारे लोक झाडू आणि रंगाचे डबे घेऊन आत शिरले, पुढे बंद पडलेल्या एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्येही त्यांनी बस्तान मांडलं. लोनली प्लॅनेटनं २०११ साठीच्या जगातल्या दहा प्रेक्षणीय शहरांच्या यादीत न्यूकॅसलला बसवलं, तेव्हा न्यूकॅसलकरांनाच आधी आश्चर्य वाटलं असणार. यावर कोणी म्हणेल, तीस दिवसांच्या परवान्यावर कसला धंदा उभा राहतो, तेरड्याचा रंग तीन दिवस. बरोबर आहे. म्हणून अशा जागेत कोणी लाखभर खर्चू नये आणि सरकारनंही देऊ नये. आधी असं बिनखर्चाचं बस्तान, धंदा रुजतो आहे असं दिसलं की गोठवलेल्या भाड्याचा लांब करार, आणि मग त्या कराराला जोडून डागडुजीचं अनुदान, हा क्रम शहाणपणाचा. सगळीकडे तो उलटा चालतो. आधी फरशी, मग उद्घाटन, मग भाडेकरू पळाला की समिती.

सॅन फ्रान्सिस्कोनं काठीचा मार्ग धरला. तिथे मतदारांनी २०२० मध्ये मंजूर केलेला कर रिकाम्या दुकानाच्या दर्शनी रुंदीवर फुटाच्या मापानं बसतो, पहिल्या वर्षी फुटाला २५० डॉलर, मग ५००, मग १०००. टेप घेऊन कर मोजायची ही पद्धत मला पसंत आहे, निदान ती सगळ्यांना समजते. इंग्लंडनं काठी उचलायला जरा वेळ घेतला. पोर्टसबाईंनी अहवालात सुचवलेला कौन्सिलच्या हस्तक्षेपाचा मार्ग तेरा वर्षांनी, २ डिसेंबर २०२४ पासून, वेगळ्या रूपात अमलात आला आहे. हाय स्ट्रीटवरचा गाळा दोन वर्षांत ३६५ दिवसांहून जास्त रिकामा राहिला तर कौन्सिल त्याच्या भाडेपट्ट्याचा लिलाव करू शकते, एक ते पाच वर्षांसाठी. लिलावाला किमान बोली नाही, म्हणजे भाडं आठ लाखांच्या कागदी इमारतीवरून न ठरता हात वर करणाऱ्या माणसाच्या ऐपतीवरून ठरेल. फक्त वर चढणाऱ्या भाड्याच्या कलमावर बंदी घालायचं विधेयकही जुलै २०२५ मध्ये मांडलं गेलं. मालकांच्या संघटना अर्थातच नाराज आहेत. त्यांचे सल्लागार पुन्हा कायदा वाचायला बसले असतील, पण या वेळी मसुदा करणाऱ्यांनी आधीचे सगळे निकाल वाचलेले दिसतात. लिलावाच्या कायद्यात जागा वापरात आहे असं कधी धरायचं, हे सांगताना त्यांनी अट घातली आहे, की तिथे माणसांचा नियमित वावर असला पाहिजे.